एका ताटात दोन पथ्यं

सकाळी आठला पोहे आणि दोन चमचे साखरेचा चहा. साडेदहाच्या सुमाराला हात थरथरायला लागतात, कपाळावर घाम येतो, छातीत धडधडतं, समोरच्या कागदावरचे आकडे जुळत नाहीत आणि आत्ताच्या आत्ता काहीतरी पोटात गेलं पाहिजे अशी भूक लागते. कुणी म्हणतं पित्त वाढलंय, कुणी म्हणतं बीपी लो झालंय. हल्ली घराघरात ग्लुकोमीटर आल्यामुळे तिसरा म्हणतो, शुगर उतरली असणार. चार बिस्किटं खाल्ली की बरं वाटतं आणि दोनेक तासांनी पुन्हा तेच. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळ्या घेत नसलेल्या माणसाची साखर जेवणानंतर दोन ते पाच तासांत अशी खाली घसरली, तर त्याला रिअ‍ॅक्टिव्ह हायपोग्लायसेमिया म्हणतात. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे, तो इथे घेतलेला नाही.

असा त्रास असणाऱ्या बऱ्याच जणांचं पोटही धड नसतं. गॅसेस, पोट फुगणं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, जळजळ. मग हातात पथ्याचे दोन कागद येतात. साखरेचा कागद म्हणतो: कडधान्यं खा, सालासकट डाळी खा, कोंड्यासकट पोळी खा, थोडं तूप-दाणे घ्या, दर तीन तासांनी तोंडात काहीतरी टाका. पोटाचा कागद म्हणतो: कडधान्यं बंद, गहू कमी, कांदा-लसूण नको, दूध नको, स्निग्ध कमी आणि दोन खाण्यांत अंतर ठेवा. दोन्ही कागद इमानेइतबारे पाळायचे ठरवले तर ताटात उरतो तो मऊ भात, आणि साखर झपाट्याने चढवून तितक्याच झपाट्याने उतरवण्यात त्याचा नंबर बराच वरचा. दोन याद्यांची बेरीज करून पथ्य होत नाही, हे या विषयाचा आढावा घेताना मला पुन्हा पुन्हा दिसलं. आधी साखर खरोखर उतरते का ते ठरवावं लागतं. मग पदार्थ वगळण्यापेक्षा त्यांचं रूप, क्रम आणि वेळ बदलण्यानेच जास्त काम होतं.

साखर खरोखर उतरते का, या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२१-२२मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती आलं आणि मात्रा जास्त झालेल्या मधुमेहींमध्ये घाम, थरथर, भूक, गोंधळ ही लक्षणं डॉक्टरांच्या ओळखीची झाली. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरातले डॉ. सील हॅरिस यांना तीच लक्षणं इन्सुलिन कधीच न टोचलेल्या माणसांत दिसली. काहींचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन सोडत असावं, असं त्यांनी १९२४मध्ये मांडलं. १९३६मध्ये मिशिगनच्या जेरोम कॉन यांनी अशा रुग्णांना साखर वाढवून देण्याऐवजी प्रथिनं वाढवून दिली. साखर उतरली म्हणून साखर खायची आणि तिच्यामुळे पुन्हा उतरवून घ्यायची, या चक्रातून सुटायची ती पहिली नीट वाट. आजच्या सल्ल्याचा गाभा बराचसा तिथलाच आहे.

पुढे मात्र अमेरिकेत या निदानाची साथच आली. थकवा, चिडचिड, डोकेदुखी, उदासी, सगळ्याला ‘लो शुगर’ हे एकच कारण. शेवटी १९७३मध्ये तिथल्या मधुमेह, वैद्यक आणि अंतःस्रावशास्त्र या क्षेत्रांतल्या तीन मोठ्या संघटनांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं की हे निदान प्रमाणाबाहेर होत आहे. घोटाळा बराचसा तपासणीत होता. रिकाम्या पोटी ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि पाच तास रक्त तपासायचं, अशी पद्धत होती. या चाचणीत काहीही तक्रार नसलेल्या सुमारे दहा टक्के माणसांची साखरसुद्धा पन्नासच्या खाली जाते. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८३मध्ये अशा रुग्णांना ग्लुकोजच्या पाण्याऐवजी मिश्र जेवण देऊन पाहिलं, तर साखर तशी कोसळली नाही. काहींना त्रास मात्र जेवणानंतरही झाला, म्हणजे त्या त्रासाचं कारण साखर नव्हतं. तरी आपल्याकडे आजही या संशयासाठी ग्लुकोज प्यायला लावणारी चिठ्ठी लिहिली जाते.

न्यूयॉर्कचे शल्यविशारद अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३०च्या दशकात घालून दिलेली तीन कलमं अजून टिकून आहेत. लक्षणं असावीत, त्याच वेळी रक्तातली साखर खरोखर कमी असावी आणि साखर वर आली की लक्षणं जावीत. मधुमेह नसलेल्यांत ‘कमी’ म्हणजे ५५ मिलिग्रॅमच्या खाली, आणि तीही शिरेतून काढलेल्या रक्तात. ग्लुकोमीटरवर ६२ आकडा दिसला म्हणून घाबरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शंभरच्या खालच्या आकड्यांत पंधरा मिलिग्रॅम इकडे-तिकडे होण्याची मुभा यंत्राच्या आंतरराष्ट्रीय मानकातच दिलेली आहे. म्हणजे तो ६२ प्रत्यक्षात ४७ असू शकतो, ७७ही. दंडावर चिकटवायचा सेन्सर तर त्या कुशीवर झोपलं तरी साखर उतरल्याचं दाखवतो. मोबाइलवर रेघ खाली गेलेली पाहूनच घाम फुटलेले लोक आता दवाखान्यात येऊ लागले आहेत.

खरी चाचणी कंटाळवाणी आहे. ज्या प्रकारच्या खाण्यानंतर त्रास होतो तसंच खायचं, मग पाच तास दवाखान्यात बसून राहायचं आणि दर अर्ध्या तासाने शिरेतून रक्त द्यायचं. साखर खाली गेलीच तर त्याच नमुन्यात इन्सुलिन आणि त्याच्याबरोबरच सुटणारं सी-पेप्टाइडही मोजतात. लक्षणं मधेच आली तर पहिलं रक्त आणि मग साखर, असा क्रम. घरी करण्यासारखं म्हणजे दोन आठवड्यांची वही: काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता, त्या क्षणीचा आकडा, आणि घरात यंत्र असेल तर बीपीही. वयस्क माणसांत जेवणानंतर रक्तदाब खरोखरच उतरतो आणि भोवळ त्यानेही येते. तेव्हा ‘बीपी लो’ म्हणणारा शेजारी प्रत्येक वेळी चुकलेला नसतो.

आता पोटाचा संबंध कुठे येतो ते पाहू. निरोगी जठर आपल्या खालच्या तोंडातून अन्न एखाद्या चिकट कोठीवाल्यासारखं मोजून पुढे सोडतं, मिनिटाला साधारण एक ते चार किलोकॅलरी. हा मोजून देण्याचा कारभार बिघडला की सगळं एकदम लहान आतड्यात जातं. पहिल्या तासाभरात पोटात कळा, गुडगुड, जुलाब, धडधड होते. हा लवकरचा डम्पिंग. ती साखर भराभर शोषली जाते, आतड्यातून जीएलपी-१ आणि जीआयपी ही हार्मोन्स उसळून येतात आणि स्वादुपिंडाला गरजेपेक्षा मोठा हुकूम देतात. एक ते तीन तासांनी साखर कोसळते; हा उशिराचा डम्पिंग. वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांमुळे हल्ली घरोघरी पोचलेलं जीएलपी-१ ते हेच. जठर काढलेल्या, अल्सरसाठी जुनी शस्त्रक्रिया झालेल्या आणि आता वजन घटवण्यासाठी बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांत हे ठळक दिसतं. मेयो क्लिनिकने २००५मध्ये गॅस्ट्रिक बायपासनंतर साखर धोकादायक उतरणाऱ्या सहा रुग्णांची हकिगत छापली, त्यानंतर या गोष्टीकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं. आपल्या शहरांत ही शस्त्रक्रिया आता नवलाईची राहिलेली नाही. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षांनी नव्याने घाम-थरथर सुरू झाली तर तिचा संबंध त्या जुन्या शस्त्रक्रियेशी लावायला रुग्ण विसरतो आणि घरचे डॉक्टरही विसरतात.

पोटाला कधी चाकू लागलेला नाही अशांत कारणं वेगळी. काहींत मधुमेहाची पूर्वावस्था असते. जेवणानंतरचं इन्सुलिन उशिरा सुटतं आणि मग भरपाई केल्यासारखं जास्त सुटतं, त्यामुळे साखर तीन-चार तासांनी उतरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की दिसायला सडपातळ भारतीय माणसाच्या अंगातही चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. म्हणून ‘तू कसला बारीक, तुला कुठला मधुमेह’ असं म्हणून मोकळं होता येत नाही, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी तपासावंच. दुसरं कारण दुर्मीळ, पण आपल्या औषधांच्या डब्यात लपलेलं. हातापायांना मुंग्या येतात म्हणून मिथाइलकोबालामिनबरोबर अल्फा-लिपोइक अ‍ॅसिड असलेल्या गोळ्या भारतात सर्रास घेतल्या जातात. १९७०मध्ये जपानात हिराता यांनी वर्णन केलेल्या एका आजारात शरीर स्वतःच्याच इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि जेवणानंतर साखर उतरते. काही माणसांत त्याची सुरुवात याच अ‍ॅसिडने होते. पथ्याच्या मागे लागण्याआधी ती पट्टी उलटून मागचा बारीक मजकूर वाचावा. जेवणाशी संबंध नसताना, पहाटे उपाशीपोटी साखर उतरत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर मात्र हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. वजन घटणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांनाही तेच लागू.

साखर खरोखर उतरते हे ठरलं, मोठे आजार नाहीत हेही ठरलं, की प्रश्न स्वयंपाकघरात येतो. शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांवर आहाराचे मोठे, काटेकोर प्रयोग फारसे झालेले नाहीत. सल्ल्याचा बराच भाग डम्पिंगच्या आणि मधुमेहाच्या अभ्यासांतून उसना घेतलेला आहे. म्हणून कुणी ठणकावून एकच आहार सांगत असेल तर थोडं सावध राहिलेलं बरं.

सगळ्यात मोठी टक्कर कडधान्यांची. साखरेच्या दृष्टीने उसळ म्हणजे सोनं, कारण तिचा स्टार्च सावकाश पचतो आणि बरोबर प्रथिनं येतात. पोटाला नको असतात त्या तिच्यातल्या न पचणाऱ्या शर्करा, ज्या मोठ्या आतड्यात आंबून गॅस करतात. या शर्करा पाण्यात उतरतात, आणि आपल्या आज्यांची पद्धत इथे कामी येते. मूग रात्रभर भिजवायचे, ते पाणी ओतून द्यायचं, मोड आणायचे, पुन्हा धुवायचे आणि नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवायचे. एवढं केलं की अर्धी वाटी मुगाची उसळ बऱ्याच नाजूक पोटांना चालते. राजमा, हरभरा, वाल, पावटे यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये. भिजवलेलं पाणी ‘सत्त्व जातं’ म्हणून त्याच भाजीत घालणाऱ्यांनी थोडं सत्त्व जाऊ द्यावं.

कांदा-लसणात आणि गव्हात फ्रुक्टान नावाच्या शर्करा असतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने रूढ केलेल्या लो-फॉडमॅप आहारात त्या आधी वगळतात. पण त्या आहाराचे टप्पे तीन आहेत, हे आपल्याकडे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. दोन ते सहा आठवडे वगळणं, मग एकेक गट परत आणून पाहणं आणि शेवटी ज्याने खरंच त्रास होतो तेवढंच दूर ठेवणं. पहिल्याच टप्प्यावर वर्षभर अडकलेली माणसं हडकतात, प्रथिनं कमी पडतात आणि साखरेचे हेलकावे वाढतात. लसणाची चव सोडवत नसेल तर एक युक्ती आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून पाकळ्या तेलात तळून बाहेर काढाव्यात आणि त्या तेलावर भाजी टाकावी. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. हिंग चालतो, पण बाजारातल्या हिंगपुडीत पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, ते गव्हातलं ग्लुटेन न चालणाऱ्या सीलिअ‍ॅकच्या रुग्णाने पाहून घ्यावं. गहू सोडण्याआधी सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी झालेली असावी, हेही आलंच. गहू सोडल्यावर ती तपासणी खोटा दिलासा देणारी येऊ शकते. ज्वारीची भाकरी इथे दोन्ही बाजूंना चालणारी. तिच्यात ग्लुटेन नाही आणि मैद्याच्या पावासारखी ती साखर उसळवत नाही. नाचणीबद्दल मात्र गैरसमज आहे. भाकरी ठीक, पण तिचंच पीठ पाण्यात शिजवून पातळ, गूळ घातलेलं सत्त्व प्यायलं की साखर भराभर चढते. धान्य तेच, रूप बदललं. गूळ, मध, खडीसाखर यांना साखरेपेक्षा वेगळी वागणूक देण्याचं या आजारात काही कारण नाही.

दुधाचं असंच. दूध पचत नसेल तर ताक-दही पुष्कळांना पचतं, आणि त्याहून बरा चक्का. दही टांगून ठेवलं की पाण्याबरोबर दुधातली बरीच साखर निथळून जाते आणि मागे प्रथिनं उरतात. श्रीखंड होण्याआधीच त्याला अडवून मीठ, जिरेपूड घालून दुपारच्या खाण्याला घेतला, तर त्याच्या तोडीचं खाणं शोधावं लागेल. अंडं, मासे, पनीर, मूठभर भाजलेले शेंगदाणे हेही दोन्ही कागदांवर बसतात. स्निग्धाचं थोडं सांभाळून. तूप-तेलाने जठर सावकाश रिकामं होतं, ते साखरेला हवं असतं. जळजळ, पित्ताशयाचे खडे किंवा जठराची मंद हालचाल असलेल्याला नको असतं. जठर आधीच मंद असेल त्याने चोथ्याच्याही मागे लागू नये.

चोथ्यातही निवड आहे. गव्हाचा कोंडा चिडखोर आतड्याचा त्रास (आयबीएस) असलेल्या पोटाला बोचतो. इसबगोल मात्र पाण्यात फुगून लिबलिबीत होतं, शौच आवळतं तसं सैलही करतं, गॅस फारसा करत नाही आणि अन्नातली साखर सावकाश शोषली जाऊ देतं. गिळायला त्रास असलेल्यांनी आणि आतडं कुठे अरुंद झालेल्यांनी सोडून बाकीच्यांनी जेवणाआधी अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर सुरुवात करावी. मेथीदाण्याचा गुणही याच जातीचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत त्यावर काम झालेलं आहे, पण गॅसच्या बाबतीत ती इसबगोलाइतकी सौम्य नाही.

आणि क्रम. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५मध्ये अकरा मधुमेहींवर एक छोटा अभ्यास झाला. तेच जेवण, पण भाजी आणि प्रथिनं आधी व पाव-रस मागून दिले, तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. अभ्यास लहान, माणसं मधुमेही, तरी करून पाहायला काहीच खर्च नाही. अडचण आपल्या पंगतीची. मराठी जेवण सुरू होतं तेच वरण-भात, तूप, लिंबू यांनी. म्हणजे रिकाम्या पोटी पहिली मूद मऊ भाताची. पानातली काकडीची कोशिंबीर आणि उसळ आधी संपवून, मग भाकरी आणि शेवटी मूदभर भात, असा उलटा प्रवास केला की एकही पदार्थ न सोडता फरक पडू शकतो. डम्पिंग असलेल्याने जेवताना पाणीही टाळावं, अर्ध्या तासाने प्यावं. सकाळच्या पोह्यांचंही तसंच. निम्मे पोहे, त्यांत दाणे आणि मटार, आधी एक उकडलेलं अंडं आणि चहा बिनसाखरेचा. रिकाम्या पोटी गोड सरबत मिसळलेली दारू तर नकोच. ‘जिन अँड टॉनिक’ने दुपारी साखर उतरते, हे ब्रिटनमध्ये १९७७मध्येच दाखवून झालंय.

किती वेळा खायचं, यावरून महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी घराघरांत दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणत, ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खा म्हणत. तो वाद वजन आणि मधुमेहाचा होता. खरोखर साखर उतरणाऱ्या माणसाने दोन जेवणांवर राहणं मला धोक्याचं वाटतं, कारण इतक्या वेळच्या उपाशीपणानंतर बसलेलं जेवण मोठं होतं आणि मोठ्या जेवणामागून मोठी घसरण येते. पण सतत चरणंही पोटाला मानवत नाही. उपाशी असताना दर दीड-दोन तासांनी आतड्यांतून झाडू मारल्यासारखी एक लाट जाते, आणि खाल्लं की ती थांबते. म्हणून लहान तीन जेवणं आणि मधे दोन प्रथिनांची खाणी, साधारण तीन तासांच्या अंतराने, हा मध्यम मार्ग बहुतेकांना जमतो. अंतर हळूहळू वाढवून पाहता येतं.

उपासाचा प्रश्न वेगळा काढावा लागतो. उपासाने साखर उतरते असं लोक म्हणतात, पण आपल्याकडे उपास म्हणजे ‘एकादशी दुप्पट खाशी’. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. वर रताळ्याचा गोड कीस आणि केळं. दुपारी येणारा घाम उपाशीपणाचा नसतो, खिचडीचा असतो. उपास सोडवत नसेल तर वाटीभर भगर, तिच्याबरोबर घट्ट दाण्याची आमटी, ताक आणि काकडी.

एवढं करूनही साखर उतरत राहिली तर डॉक्टर अकार्बोज देतात. पहिल्या घासाबरोबर घ्यायची ही गोळी पिष्ट आणि साखर फोडणारं विकर अडवते, त्यामुळे साखर सावकाश चढते. न फुटलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन गॅस करतं, म्हणजे पोटाच्या रुग्णाची पंचाईत पुन्हा तीच. २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली तर ती थोडी सुसह्य होते. ही गोळी न चालणाऱ्या, तीव्र डम्पिंगच्या रुग्णांसाठी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं आहेत, पण ती महाग आहेत. अकार्बोज घेणाऱ्याने एक गोष्ट पाठ करावी. साखर उतरलीच तर साखरेचं पाणी, गूळ, चॉकलेट उपयोगी पडत नाही, कारण ऊस-साखर फोडणारं विकरच गोळीने अडवलेलं असतं. ग्लुकोज पावडर लागते, साधारण पंधरा ग्रॅम, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी. दुधातल्या साखरेला ही गोळी अडवत नाही, म्हणून ग्लुकोज हाताशी नसेल तर पेलाभर दूध चालतं. अर्थात, दूध पचत असेल तर.